पाचवा धांडा

शनिवारची शाळा सकाळची. घरी आले साडेअकराला
तर ओट्यावर चिंगी उभी, तोंडात भुलाबाईचं छप्पर.
पौर्णिमा एका दिवसावर,
पाच धांड्यांचा मंडप,
अन् बकरीनं एक खांब खाल्लेला, कणसासकट.
मातीचे भुलाबाई-भुलोजी तिरप्या सावलीत बसलेले,
फाट्यावर आर्वीच्या गाडीची वाट पाहावी तसे.

शर्वरीचं नाक रडून लाल.
"आता भुलाबाई रुसन."
कुंपणापलीकडून शमीम म्हणाली,
"बकरी मीच देल्ली तुमाले. रुसाचंच असन त माह्यावर रुस म्हना."

ह्यांना वेळ नव्हता. जीपचा क्लच गेलेला,
संध्याकाळच्या प्रार्थनेच्या सतरंज्या ह्यांच्याकडे,
नणंद फोनवर वीस मिनिटं आणि मुद्दा अजून यायचा होता.
मलाही नव्हता: दुपारी शेतात सीतादही.

दोन वाजता पऱ्हाटीत पाच दगड मांडले, कुंकू लावलं,
दहीभात शिंपडला झाडांवर:
असंच पांढरं फुटू दे, बांधापासून बांधापर्यंत.
मागोमाग टपाल ते पानांवरचं चाटत निघाला.
(टपाल आमचा कुत्रा. पोस्टमनची बदली झाली
तेव्हा गावात मागं राहिलेलं एकुलतं पत्र.)
मी दगड उचलला, तर पार्वताबाईनं हात धरला.
"खाऊ दे व माय. सीतेच्या घरचं हाय.
कोनाच्या तोंडानं पोचन, आपल्याले काय मालूम?"

पहिला वेचा माझ्या ओटीत आला.
तो टोपल्यात घालून देवाजवळ ठेवला,
कोजागिरीच्या वातीसाठी.

रात्री प्रार्थनेला शेवटच्या रांगेत टपालही बसला,
पाठ ताठ, डोळे अर्धे मिटलेले.
नीट पाहिलं तर लक्ष चपलांवर होतं.
माझं तरी कुठं होतं?
मी मनातल्या मनात दूध मोजत होते,
आणि चाळीस वह्या, न तपासलेल्या.

रविवारी प्रज्योतनं स्वतःहून आणून दिला
क्रिकेटचा स्टंप.
चार धांडे ज्वारीचे, पाचवा दुकानातला,
वर लाल अक्षरात कंपनीचं नाव.
भुलाबाईला चाललं असावं. काही बोलली नाही.
मॅच मात्र थांबली. नऊ पोट्टे ओट्याखाली,
"काकू, कधी उठते वो तुमची भुलाबाई?"

चांदणं पडलं तशा पोरी आल्या टाळ्या वाजवत,
शमीमची अल्फिया सगळ्यात पुढं, आवाज तिचाच मोठा.
गाणी झाली. मग खिरापत ओळखायची.
शर्वरीनं झाकलेला डबा कानाशी हलवला.
आंबट का गोड? खारट का तिखट?
शेंगदाणे? नाही. मुरमुरे? नाही. भिजली डाळ?
तेवढ्यात देवाजवळून, अगदी बारीक,
ओल्या बिजागरीसारखा आवाज आला.

टोपल्यात, सीतेच्या कापसात,
आमचा सरपंच आडवा झालेला,
पोटाशी तीन पिल्लं, डोळे न उघडलेली.
तीन वर्षं ज्याला बोका समजलो तो!
"म्हंजे जागा महिला राखीव होती," हे म्हणाले,
दोन दिवसांत पहिल्यांदा हसले.
खिरापत कोणाला ओळखता आली नाही.
कोणी ओळखायला थांबलंच नाही.

गच्चीवर दूध उतू गेलं, चंद्र पाहून परत आलं.
शमीमनं तिच्या घरची साखर घातली, जरा जास्तच.
मग आठवलं, वात राहिली.
सरपंचाच्या पाठीखाली हात घातला,
तिनं फक्त एकदा माझ्याकडे पाहिलं,
चिमूटभर कापूस घेऊ दिला. ऊन होता.

मांडीवर वळली वात. एक करडा केस तिच्यात तसाच गेला.
दिवा आधी तडतडला,
वास आला जळका, नको तो,
मग ज्योत सरळ उभी राहिली
आणि अंगणात प्रज्योत ओरडला,
"आई, आता नेऊ का स्टंप?"